लिहून झाल्यावर : पुनर्लेखनाचा अधिकार कोणाचा?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आज लिहिणारे तरुण पुष्कळ आहेत. चौदा एप्रिलच्या स्मरणिकेत, महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात, एक जानेवारीला पेरणे येथे लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत त्यांच्या कविता वाचायला मिळतात. या तरुणांपुढे एक प्रश्न असतो. आपल्या समीक्षेने तो फारसा कधी हाती घेतला नाही. कविता लिहून झाली, कथा पुरी झाली, कदाचित छापूनही आली. मग कोणी म्हणतो, हे बदला. कधी आपलेच मन म्हणते, हे पुन्हा लिहायला हवे. अशा वेळी बदलावे केव्हा, आणि केव्हा ठाम नकार द्यावा? वरवर पाहता हा कारागिरीचा प्रश्न वाटतो. दलित लेखकाच्या बाबतीत मात्र तो सत्तेचाही प्रश्न आहे, कारण आमच्या लेखनावर शेवटचा हात कोणाचा फिरणार यावरच ते लेखन आमचे राहणार की नाही हे ठरते.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर आमच्यातलेच आहे. अनुभव अस्सल आहे, तो जसा आला तसा उतरला, आता शब्दाला हात लावणे म्हणजे अनुभवाशी बेइमानी, असे ते उत्तर. यात अभिमान आहे आणि तो समजण्यासारखाही आहे. पण त्यात एक घोटाळा आहे. अनुभव अस्सल असला म्हणून पहिला सुचलेला शब्द अस्सल ठरत नाही. उलट पहिल्या झपाट्यात जे शब्द सुचतात ते पुष्कळदा पाठ्यपुस्तकातून, चित्रपटातून, सभेतल्या भाषणातून आलेले, म्हणजे दुसऱ्याचेच असतात. आपला शब्द बहुधा मागाहून, शोधल्यावर सापडतो. शिवाय 'जसे आले तसे' या कौतुकामागे प्रस्थापित समीक्षकाची एक खोच असते. दलित लेखकाने ओबडधोबडच लिहावे, घडवण्याचे काम आमच्याकडे राहू द्यावे, असे तो न बोलता सांगत असतो. त्या कौतुकाला भुलून आपण लेखनावरचे कष्ट टाळले, तर आपण त्याचीच वाटणी मान्य करतो.

दुसरे उत्तर संपादकाच्या खुर्चीतून येते. 'चांगले आहे, थोडे सुधारून आणा.' सुधारून म्हणजे काय? शिवी काढा, बोली काढा, जातीचे नाव काढा, शेवटी माणुसकीवर विश्वास दाखवा. असे सुधारलेले लेखन छापून येते आणि कोणाला काहीच करत नाही. तेव्हा 'कधीही बदलू नये' आणि 'सांगतील तसे बदलावे' ही दोन्ही उत्तरे टाकून दिली पाहिजेत. मग कसोटी कोणती?

ही कसोटी आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका ग्रंथाच्या इतिहासातच सापडते. तो ग्रंथ ललित लेखन नव्हे, हे मान्य आहे. पण पुऱ्या झालेल्या लेखनाचे काय करायचे, याचा इतका स्पष्ट नमुना मराठी लेखकापुढे दुसरा क्वचितच असेल. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले. त्यांनी भाषण लिहिले. ते वाचल्यावर मंडळाला धास्ती वाटली. वेदप्रामाण्यावरचा आणि धर्मशास्त्रांवरचा आघात मंडळाला नको होता. हे भाग वगळावेत, असा आग्रह एप्रिल १९३६ मध्ये पत्राने झाला. त्यावर बाबासाहेबांनी २७ एप्रिलला कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. अधिवेशन झाले नाही. भाषण त्यांनी स्वखर्चाने त्याच वर्षी मे महिन्यात छापले, आणि पंधराशे प्रती दोन महिन्यांच्या आत संपल्या.

एवढी हकिगत आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असते. तिच्यापुढचे दोन टप्पे मात्र क्वचितच सांगितले जातात. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली. भाषणाचे रूप मोडून सरळ निबंध करावा, अशी सूचना त्यांना झाली होती. ही सूचना वैऱ्याची नव्हती, वाचनसोयीची होती. तीही त्यांनी स्वीकारली नाही, आणि कारणे दिली : हे लेखन एका प्रसंगाचा इतिहास आहे, आणि भाषणरूपातच त्याचे आवाहन अधिक परिणामकारक आहे. मात्र गांधीजींनी 'हरिजन'मध्ये जे आक्षेप घेतले होते ते, आणि त्यांना दिलेले उत्तर, त्यांनी ग्रंथाला जोडले. म्हणजे मूळ संहिता तशीच ठेवली आणि वाद तिच्या शेजारी उभा केला. पुढे १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यांना स्वतःलाच हा निबंध नव्याने बांधायचा होता. जातीच्या उत्पत्तीवरचा आपला जुना प्रबंध त्यात मुरवायचा होता. पण वेळ मिळाला नाही, मिळेल अशी आशाही नव्हती, आणि लोकांची मागणी थांबेना. म्हणून दुसऱ्या आवृत्तीचेच पुनर्मुद्रण त्यांनी होऊ दिले आणि प्रस्तावनेत तसे स्पष्ट सांगितले.

एकाच ग्रंथाबाबतचे हे तीन निर्णय एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. बलवानाच्या सोयीसाठी मागितलेला बदल त्यांनी साफ नाकारला. वाचकाच्या सोयीसाठी सुचवलेला बदल विचार करून, कारण देऊन नाकारला. स्वतःच्या विचाराला हवा असलेला बदल लोकांच्या गरजेपुढे मागे ठेवला. आणि हाच लेखक बदलाला तयार नव्हता असेही नाही. बुद्धावरील ग्रंथाच्या मोजक्या प्रती १९५१ मध्ये खासगी वाचनासाठी छापून त्यांनी जाणकारांपुढे ठेवल्या, त्यावर पुढे वर्षानुवर्षे काम केले, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. बदल हवा की नको एवढेच विचारून भागत नाही, हे यावरून कळते. बदल कोण मागतो, कोणत्या क्षणी मागतो, आणि त्या बदलाने कोणाची सुटका होते, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

शिरूर-दौंडच्या मातीला हे प्रश्न परके नाहीत. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, जे आज बारामती तालुक्यात आहे, बाजाराच्या दिवशी सावकारांची दुकाने लुटली गेली. त्या उठावात लोकांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खत म्हणजे लिहून पुरा झालेला मजकूर. तो सावकाराने लिहवून घेतला, कुळाने वाचता येत नसताना त्यावर अंगठा उठवला, आणि त्यातला एक शब्दही फिरवण्याचा अधिकार कुळाला नव्हता. म्हणून त्याने खत जाळले. पुढे १८७९ च्या डेक्कन शेतकरी कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. लिहिलेले अंतिम नसते, ते कोणी आणि कोणावर लिहिले हे पाहून पुन्हा उघडावे लागते, ही गोष्ट या मुलखात अशी कायद्यानेच मान्य झाली. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी लिहिले, त्यांच्या वारसाने स्वतः लिहिताना लेखणी शेवटपर्यंत आपल्या हातात ठेवली पाहिजे, हा त्यातला आपल्यापुरता धडा.

या उठावानंतर आठ वर्षांनी, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्याचे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त आले. पुढचे छापण्याचे धारिष्ट झाले नाही, आणि त्या भित्रेपणाबद्दलची नाराजी जोतीरावांनी लिहून ठेवली. छापणारा कचरला म्हणून त्यांनी मजकूर मवाळ केला नाही. पण त्याच वेळी पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी हे लेखन लोकांसमोर वाचून दाखवले. आजच्या लेखकाने हे बारकाईने पाहावे. छापखान्याच्या भीतीसमोर न वाकणारा लेखक ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांच्या पंक्तीत जाऊन बसतो. लेखन तपासण्याची खरी जागा तीच आहे. ऊसतोडीवर कथा लिहिली असेल तर ती दौंड-पाटसच्या बाजूला गळितात उतरलेल्या टोळीच्या कोपीत बसून वाचावी. ऐकणारी बाई कुठे हसते, कुठे गप्प होते, कुठे 'असं नसतं बाबा' म्हणते, हे नोंदवावे. पुण्यातल्या चर्चासत्रातली दहा मते एका पारड्यात आणि त्या बाईचे 'असं नसतं' दुसऱ्या पारड्यात ठेवले, तर दुसरे जड भरेल.

मात्र येथेही एक सावधगिरी हवी. आपले लोक सांगतात तो प्रत्येक बदल करावा असे नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा शिकल्या-सवरलेल्या दलितांतूनच नाराजी उमटली. आपली घाण चव्हाट्यावर कशाला, असे विचारले गेले. ही मागणी आपल्या माणसांची होती, पण तिच्या मुळाशी पांढरपेशा शेजाऱ्यापुढे वाटणारी लाज होती. लाजेपोटी मागितलेला बदल आणि अनुभवापोटी मागितलेला बदल यांत फरक करता आला पाहिजे. पहिला म्हणतो, हे खरे आहे पण झाका. दुसरा म्हणतो, हे खरे नाही, नीट लिहा. पहिल्याला नम्रपणे नकार द्यावा, दुसऱ्यासमोर कागद पुन्हा उघडावा.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो सर्वांत अवघड. लेखनात एखादा जिवंत, दुबळा माणूस उघडा पडतो. वस्तीतली एखादी बाई, तिच्यावर झालेला अत्याचार, तिचे नाव, तिचे घर ओळखू येते. येथे 'सत्य ते सत्य' म्हणून मोकळे होता येणार नाही. बलवानाला झाकण्यासाठी केलेला बदल हा लाचारीचा असतो, पण दुबळ्याला राखण्यासाठी केलेला बदल हा बांधिलकीचाच भाग आहे. नाव बदला, गाव बदला, हवे तर प्रसंग दुसऱ्याच्या तोंडी द्या. पण अन्याय करणाऱ्याचे स्थान, त्याची जात, त्याची सत्ता मात्र बदलू नका.

फलटणच्या बेबी कांबळे यांचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. त्यांनी आपले लेखन घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे ठेवले. ते नियतकालिकातून येऊन १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. पुस्तकात समाजाचे दुःख आहे, महारवाड्यातल्या सुनांचे हाल आहेत. पण स्वतः नवऱ्याकडून सोसलेली मारहाण त्यात नाही. ती त्यांनी पुढे, २००८ साली निघालेल्या इंग्रजी अनुवादासाठी माया पंडितांनी घेतलेल्या मुलाखतीत सांगितली. मूळ पुस्तक आत घुसून बदलण्यापेक्षा त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा मजकूर ठेवला. आज वाचणाऱ्याला पुस्तकही मिळते आणि त्यातले मौनही कळते. १९३७ साली बाबासाहेबांनी जे केले त्याच्याशी याचे नाते आहे. पुष्कळदा जुने लेखन खोडण्यापेक्षा त्याच्यानंतरचे लेखन करणे हेच अधिक प्रामाणिक असते. वीस वर्षांनी आपण दुसरे झालेलो असतो, आणि त्या दुसऱ्या माणसाने पहिल्याच्या वहीवर लाल पेन फिरवण्याऐवजी स्वतःची वही घ्यावी.

आता गाण्यांबद्दल. छापील कवितेपेक्षा गाण्याचा प्रश्न निराळा, कारण गाणे एका माणसाचे राहत नाही. वामनदादा कर्डकांची गीते गावोगावच्या गायकांच्या तोंडी गेली आणि जागोजागी शब्द इकडचे तिकडे झाले. असे गाणे कवीने घरी बसून बदलले तरी लोक जुनेच गातात. लोकांच्या ओठांवर बसलेली ओळ केवळ अधिक सुबक करण्यासाठी बदलू नये. तिला जो घाट लोकांनी दिला त्यात त्यांचाही हात आहे.

पण ओळीत वस्तुस्थितीची चूक असेल तर? भीमा कोरेगाववरच्या अनेक गीतांत पाचशे महार आणि अठ्ठावीस हजारांची पेशवाई असा हिशेब येतो. इतिहास पाहिला तर ३१ डिसेंबर १८१७ रोजी शिरूरच्या छावणीतून निघालेल्या तुकडीत सुमारे पाचशे पायदळ होते, त्याखेरीज स्वार आणि तोफखाना होता. पायदळात महारांची संख्या मोठी होती, पण मराठा, राजपूत, मुसलमान असे इतरही सैनिक होते. जयस्तंभावर २२ महार सैनिकांची नावे आहेत, 'नाक' या प्रत्ययाने संपणारी. मग गीत बदलावे काय? माझे मत असे की नवे गीत लिहिणाऱ्याने अचूक लिहावे, आणि जुन्या गीताच्या संग्रहात खाली खुलासा द्यावा. आमचा मानबिंदू आकड्यावर उभा नाही. शस्त्र धरण्यास अपात्र ठरवलेल्यांची नावे दगडावर कोरली गेली, ही गोष्ट आकडा दुरुस्त केल्याने रतीभर कमी होत नाही. उलट चुकीचा आकडा विरोधकाच्या हातात आयते हत्यार देतो. वस्तुस्थितीची दुरुस्ती ही पुनर्लेखनाची सर्वांत निर्विवाद जागा आहे. फक्त ती चोरून करू नये, आवृत्तीत सांगून करावी.

याच ठिकाणी भीतीचाही विचार केला पाहिजे. ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला, आणि पुढे परिषदेत म्हटलेल्या गीतांच्या ओळी पोलिसांकडच्या तक्रारीत उतरल्या. तेव्हापासून आपल्या भागात ओळ लिहिताना हात अडखळला, तर त्यात नवल नाही. अशा काळात एखाद्याने ओळ मागे घेतली तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार सुरक्षित ठिकाणी बसलेल्या कोणालाही नाही. त्याच्या मागे घर असते, पोरे असतात. पण त्याने स्वतःशी तरी खरे बोलावे. भीतीने केलेल्या बदलाला कलात्मक सुधारणा असे नाव देऊ नये. मूळ ओळ वहीत जपून ठेवावी. भीती कायमची नसते, आणि खोटे नाव दिलेला बदल मात्र कायमचा होऊन बसतो.

भाषेचा मुद्दा शेवटी घेतो, कारण रोजचा प्रश्न तोच आहे. समजा, कथेत 'चान्या' हा शब्द आला आहे. संपादक म्हणतो, वाचकाला कळणार नाही, 'वाळवलेले मांस' करा. वरवर अर्थ तोच राहिला. पण 'चान्या'त मेलेल्या जनावराची पड आहे, उन्हात दोरीवर टाकलेल्या पट्ट्या आहेत, पावसाळ्याची बेगमी आहे, त्यावरून गावाने केलेली हेटाळणी आहे. 'वाळवलेले मांस' कोणत्याही घरात असू शकते, 'चान्या' एकाच वस्तीत होत्या. शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे नामदेव ढसाळ यांनी १९७२ साली 'गोलपिठा' आणला तेव्हा पांढरपेशा वाचकाला कितीतरी शब्द अडले. कवीने शब्द बदलले नाहीत, वाचकाला ते शिकावे लागले. मराठी भाषा त्याने वाढली.

मात्र याची दुसरी बाजूही पाहावी. ज्या तरुणाने चान्या कधी पाहिल्या नाहीत, ज्याचे बालपण कुरकुंभच्या किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीशेजारच्या भाड्याच्या खोलीत गेले, त्याने केवळ दलित कथा शोभावी म्हणून हा शब्द घातला असेल, तर तो त्याने काढलाच पाहिजे. त्याच्या अनुभवात कंत्राटी कामगाराचा पास आहे, आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक आहे, कंपनीच्या बसमध्ये हळूच विचारलेली जात आहे. हे सोडून तो आजोबांचे दुःख उसने घेत असेल, तर त्याच्या कथेला सुधारणा पुरणार नाही, ती पुन्हा लिहावी लागेल. तसेच कथेच्या अखेरीस नायक उभा राहून दीड पान भाषण करतो, ते भाषण काढून पाहावे. कथा त्याशिवाय उभी राहिली तर भाषण वाचकावरच्या अविश्वासातून आले होते. कथा कोसळली तर मुळात कथाच झाली नव्हती.

तेव्हा लिहिणाऱ्या मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते. लेखन पुरे झाले की काही दिवस बाजूला ठेवा आणि मग ज्यांचे आहे त्यांना वाचून दाखवा. चूक असेल तर ती उघडपणे दुरुस्त करा. शब्द उसना असेल तर परत करा. दुबळा माणूस उघडा पडत असेल तर त्याला झाका. आणि बदल सुचवणाऱ्याला, मग तो संपादक असो, पुढारी असो की आपल्याच मनातली लाज असो, एक प्रश्न विचारा : हे बदलल्यावर हायसे कोणाला वाटणार आहे? ज्याच्यावर अन्याय झाला त्याला वाटणार असेल तर पुन्हा लिहायला बसा. ज्याने केला त्याला वाटणार असेल तर एक स्वल्पविरामही हलवू नका.